हिवाळ्यातली सायकल आणि मुलींचे कपडे

दिवाळी संपली की परभणीचे नाव वर्तमानपत्रात रोज दिसू लागते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आज किती अंश तापमान नोंदले गेले, याची छोटीशी बातमी असते. नोव्हेंबर सरता सरता पारा दहा-बाराच्या खाली येतो आणि थंडीची लाट आली की कधी कधी पाचाच्याही खाली जातो. मुंबई-कोकणातल्या आपल्या पाहुण्यांना हे खरे वाटत नाही, कारण उन्हाळ्यात हाच जिल्हा ४२-४३ अंशांवर तापलेला त्यांनी पाहिलेला असतो. पण दोन्हींचे कारण एकच आहे. आपण समुद्रापासून लांब आहोत. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ मोकळे असते, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब भराभर सोडून देते. तिला अडवायला ढग नसतात. जमीन अशी पहाटेपर्यंत निवत राहते आणि म्हणूनच सर्वांत जास्त गारठा मध्यरात्री नसतो, तर सूर्य उगवण्याच्या सुमारास असतो.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. शनिवारची सकाळची शाळा, बारावीची शिकवणी, कनिष्ठ महाविद्यालयाचा पहिला तास, या सगळ्यांसाठी घर सोडण्याची वेळही तीच. शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असे सांगितले, ते चांगलेच झाले. पण सायकलवर दूरवरून येतात ती मुले चौथीची नसतात, आठवी ते बारावीची असतात.

मी बोरीत शिकवते. डिसेंबर लागला की सकाळच्या शाळेत सायकलींची रांग आखूड होते. मुलगे कुडकुडत का होईना, येतात. मुली येत नाहीत. विचारले तर उत्तर ठरलेले: “अम्मी म्हणाली, थंडी बाधेल, जाऊ नको.” या बोलण्यामागे माया आहे, त्यात शंका नाही. पण हेच दोन महिने दहावी-बारावीचे सर्वांत कामाचे असतात. जानेवारीत सराव परीक्षा, नंतर प्रात्यक्षिके, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. शिवाय घरी राहिलेली मुलगी रिकामी बसत नाही. चूल, धाकटी भावंडे, पाणी भरणे हे तिच्या अंगावर येते. सायकल मोठ्या भावाच्या ताब्यात जाते. थंडी सरल्यावर ती परत मागावी लागते, आणि प्रत्येक मुलीला ते जमतेच असे नाही.

सायकलीने किती फरक पडतो, हे आता अंदाजाने सांगण्याची गरज उरलेली नाही. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. शाळा लांब असलेल्या गावांत हा फायदा अधिक होता. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. सायकल मिळाली, रस्ता झाला, आणि मुलगी अडली ती दोन महिन्यांच्या गारठ्यावर. हा अडसर खरोखर कपड्यांचा आहे, आणि घरातल्या घरात सुटण्यासारखा आहे. म्हणून या महिन्यात तेवढेच लिहिते.

पहिली गोष्ट समजून घेऊ. सायकलवरची थंडी आणि अंगणातली थंडी सारखी नसते. अंगणात वारा पडलेला असला तरी सायकल चालू लागली की समोरून वारा येतोच, कारण आपण स्वतःच हवेत घुसत असतो. आपल्या त्वचेलगत शरीराच्या उबेने तापलेला हवेचा पातळ थर असतो, तो हा वारा सतत उडवून नेतो. थंड देशांतल्या हवामान खात्यांनी यासाठी सूत्र बसवले आहे. त्या हिशेबाने दहा अंशांच्या सकाळी ताशी पंधरा किलोमीटरचा वारा लागला तर उघड्या त्वचेला आठ अंशांसारखे वाटते, आणि पाच अंशांच्या सकाळी दोन अंशांसारखे. समोरून खरा वारा असेल तर आणखी कमी.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट आहे. सायकल चालवणे ही मेहनत आहे. पहिली पाच मिनिटे दात वाजतात, पण दहाव्या मिनिटाला पाठीला घाम सुटतो. त्या घामाने आतले कपडे ओले होतात, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पटीने उष्णता वाहून नेते. मग शाळेत बसल्यावर ओला कपडा पाठीला चिकटतो आणि मुलगी तासभर गारठत राहते. सर्दी-खोकला झाला की घरचे म्हणतात, स्वेटर कमी पडला. पुष्कळदा स्वेटर जास्त झालेला असतो. म्हणून खूण लक्षात ठेवा: दारातून निघताना अंगाला किंचित गार वाटले पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर वाटेत घाम येणार.

यावर उपाय एकच जाड कपडा घालणे हा नाही. तीन पातळ कपडे एकावर एक घाला, आणि प्रत्येकाला आपापले काम द्या.

सर्वांत आत अंगाला बसणारा पातळ कपडा हवा. बाजारात ‘थर्मल’ किंवा ‘इनर’ म्हणून मिळतो तो चांगला. सुती बनियन चालते, पण कापूस घाम पिऊन बसतो आणि लवकर वाळत नाही. अंतर दोन-तीन किलोमीटरचे असेल तर त्याने काही बिघडत नाही. पाच-सहा किलोमीटर येणाऱ्या मुलीने दप्तरात एक कोरडे बनियन ठेवावे आणि शाळेत आल्यावर बदलावे. दोन मिनिटांचे काम आहे.

मधला कपडा ऊब धरून ठेवण्यासाठी. इथे स्वेटर. ऊब लोकरीच्या धाग्यात नसते, धाग्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणून फुगीर विणीचा हलका स्वेटर हा आवळून बसलेल्या जड स्वेटरपेक्षा जास्त कामाचा. खऱ्या लोकरीचा आणखी एक गुण आहे. ती आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. हिवाळ्यात शहरांमध्ये बसणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडचे बहुतेक स्वेटर कृत्रिम धाग्याचे असतात. तेही चालतात, लवकर वाळतात. फक्त चुलीपासून आणि शेकोटीपासून जपावे लागते.

आपल्या भागात याला एक जुना पर्यायही आहे. आपण कापसाच्या मुलखात राहतो आणि पिंजारी, मन्सुरी घराण्यांनी हा कापूस पिढ्यान्‌पिढ्या पिंजला आहे. गाद्या-रजया भरणारे कारागीर अजून आहेत. त्यांच्याकडून मूठभर कापूस पिंजून घ्या, दोन अस्तरांमध्ये पातळ पसरा, उभे-आडवे दोरे घाला, की बिनबाह्यांची बंडी होते. सायकलसाठी ती फार सोयीची. छाती आणि पाठ झाकली जाते, हात मोकळे राहतात, काखेत घाम साचत नाही. तिचा दोष एवढाच की भिजली तर दोन दिवस वाळत नाही. म्हणून ती आतल्या कपड्यावर घालावी, थेट अंगावर नाही.

सर्वांत बाहेरचा कपडा वारा अडवण्यासाठी. विणलेल्या स्वेटरच्या जाळीतून वारा आरपार जातो, म्हणून नुसता स्वेटर घातलेली मुलगी छातीवर हात धरून सायकल चालवते. यासाठी घट्ट विणीचे पातळ कापड पुरे. विंडचीटर असेल तर उत्तम. नसेल तर जुन्या छत्रीच्या किंवा जॅकेटच्या अस्तराच्या कापडाचा पुढचा भाग शिवून घ्या. पाठ सुती असली तरी चालेल, कारण वारा समोरून लागतो आणि पाठीकडून वाफ निघून गेलेली बरी. तेही नसेल तर वर्तमानपत्राची दुहेरी घडी स्वेटरच्या आत छातीवर ठेवावी. हे गरिबाचे औषध वाटेल, पण फ्रान्समधल्या ‘तूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध शर्यतीत घाट उतरताना सायकलपटू हेच करत आले आहेत. घाटमाथ्यावर उभे असलेले लोक त्यांच्या हातात वर्तमानपत्र देतात आणि ते चालत्या सायकलवर जर्सीत सरकवतात. शाळेत पोचल्यावर कागद काढून ठेवायचा, उद्या पुन्हा वापरायचा. ज्या पानावर दीनी मजकूर आहे ते पान यासाठी घ्यायचे नाही, हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको.

आता हात, पाय आणि कान. छाती-पाठीची काळजी शरीर स्वतः घेते, पण थंडी वाढली की ते बोटांकडचे रक्त कमी करते. सायकलवर बोटे बधिर होणे हा नुसता त्रास नाही, धोका आहे, कारण ब्रेक बोटांनी दाबायचा असतो. म्हणून पैसे थोडे असतील तर सगळ्यांत आधी हातमोजे घ्या. लोकरीच्या मोज्यांतून वारा जातो, म्हणून त्यांच्या आत पातळ सुती मोजे घालावेत. फार जाड, मोटारसायकलचे मोजे मुलींच्या लहान हातांना मोठे होतात आणि ब्रेक नीट धरता येत नाही. घेताना मुलीला सायकलच्या दांड्यावर हात ठेवून ब्रेक दाबायला लावा आणि मगच घ्या.

पायांत चप्पल असेल तर वरचे सगळे कपडे फुकट गेले असे समजा. बूट आणि एक जोडी मोजे हवेत. काही माता दोन-तीन मोजे घालून पाय बुटात कोंबतात. त्याने बोटे आवळली जातात, रक्त खेळत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. बुटात बोटे हलली पाहिजेत. फज्रच्या नमाजसाठी वुजू करून लगेच निघणाऱ्यांनी हात-पाय, विशेषतः बोटांच्या बेचक्या, कोरड्या टॉवेलने नीट पुसून मगच मोजे चढवावेत. ओलसर पायावर मोजा चढवला की तो दुपारपर्यंत ओला राहतो. ओठांना आणि हातांना थोडे व्हॅसलिन किंवा खोबरेल लावले तर कोरड्या वाऱ्याने ते फुटत नाहीत.

कानांच्या बाबतीत आपल्या मुली मुलांपेक्षा सुखी आहेत. डोक्याला नीट बांधलेला स्कार्फ कान, मान आणि गळा एकदम झाकतो. मुलांना त्यासाठी कानटोपी आणि मफलर लागतो, आणि तो मफलरही टोके आत खोचूनच बांधावा. नकाब लावणाऱ्या मुलींची एक अडचण असते. श्वासाच्या वाफेने कापड ओले होते आणि चष्म्यावर धुके धरते. नाकाच्या हाडावर नीट बसणारा, खालून थोडा सैल नकाब असेल तर वाफ खाली निघून जाते. जाड दुहेरी नकाबाऐवजी एकेरी सुती कापडाचा वापरावा आणि एक कोरडा नकाब दप्तरात ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. थंडी माणसाला आजारी पाडते, पण सायकलवर जीवाशी येते ते लोंबणारे कापड. ओढणीचे टोक, बुरख्याचा घेर, अंगावर घेतलेली शाल, सलवारचा सैल पायचा. हिवाळ्यात यांची संख्या वाढते, कारण थंडी वाजते म्हणून मुलगी वरून शाल ओढते. शालीचे टोक मागच्या चाकात गेले की ती गळ्याभोवती आवळते. म्हणून नियम करून टाका: सायकलवर शाल नाही. तिच्या उबेचे काम स्वेटर आणि विंडचीटरला द्यायचे. ओढणी घ्यायची तर दोन्ही टोके स्वेटरच्या आत जाऊ द्या, गळ्याला गाठ नको. सलवारच्या उजव्या पायच्याला रुंद इलॅस्टिकची पट्टी लावा, कारण चेन उजव्या बाजूला असते.

बुरख्याचा प्रश्न मात्र नाजूक आहे. मुलीने सायकलवर बसायचे तर बुरखा आखूड करा, असे कोणी म्हटले की घरात नाराजी होते आणि त्या नाराजीत सायकलच बंद पडते. मला वाटते, यात कात्रीपेक्षा शिलाईने जास्त काम होते. सायकलवर बसल्यावर पायांची हालचाल होते म्हणून घेर पुरेसा हवा. पण तो घेर पुढून असावा, मागे लोंबणारा नसावा. घोट्यापर्यंतच्या अबायाला खालच्या काठावर दोन्ही बाजूंना टिचबटणे लावून घ्या. सायकलवर बसताना काठ वर घेऊन बटणे लावली की तो नडगीच्या मध्यापर्यंत येतो, आत सलवार असतेच, म्हणून अंग कुठे उघडे पडत नाही. शाळेत उतरल्यावर बटणे सोडली की अबाया पुन्हा घोट्यापर्यंत. आपल्या वस्तीतली कोणतीही शिवणकाम जाणणारी बाई अर्ध्या तासात हे करून देईल. शिवाय थंडीत अबाया वरचा कपडा म्हणून वारा अडवतो. झुळझुळीत कापडाऐवजी थोड्या घट्ट विणीच्या कापडाचा शिवला तर विंडचीटरची वेगळी गरजही राहत नाही.

बाकीचे काम सायकलला करू द्या. मुलींच्या सायकलीला चेन पूर्ण झाकणारे कव्हर आणि मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी जाळी, म्हणजे ‘ड्रेसगार्ड’, असावा. हॉलंडमध्ये लांब कोट घालून हिवाळाभर सायकल चालवण्याची जुनी सवय आहे. तिथल्या रोजच्या वापराच्या सायकलींना बंद चेन आणि मागच्या चाकावर कोट वाचवणारे आवरण असते. त्यांनी कोट सोडला नाही आणि सायकलही सोडली नाही. आपल्याकडे सायकल घेतल्यावर पहिल्या वर्षात कव्हर खडखड वाजते म्हणून काढून टाकतात. ते काढू नका, आवळून घ्या.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांत मुस्लिम तरुणीही होत्या. सुरुवातीला त्यांच्यावर टीका झाली, शेरे मारले गेले. पण सायकलने पाणी आणता येते, बाजार करता येतो, कामावर वेळेत जाता येते, हे घरोघर दिसले तशी कुरकुर कमी झाली. आपल्या मुलीही कपड्यांची सोय झाली की रोज वेळेवर जाऊन येताना दिसतील आणि त्याचा परिणाम शेजारच्या घरावर होईल.

आणखी एक गोष्ट: दिसणे. हिवाळ्याच्या पहाटे नदीकाठच्या आणि ओलिताच्या शेतांजवळ धुके उतरते. याच दिवसांत कापसाने फुगलेले ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि भरलेल्या ट्रॉलीच्या चालकाला बाजूचे फारसे दिसत नाही. अशा वेळी काळा अबाया घातलेली मुलगी धुक्यात हरवून जाते. मोटारींचे सुटे भाग मिळतात त्या दुकानात रेडियमची चिकटपट्टी मिळते. तिचे दोन तुकडे मागच्या मडगार्डवर, एकेक पॅडलवर आणि एक दप्तराच्या मागे लावा. दप्तरावर पांढरे किंवा पिवळे कापड बांधले तरी चालते. धुके इतके दाट असेल की समोरचा विजेचा खांब दिसत नाही, तर अर्धा तास थांबावे. शिक्षकांनीही अशा दिवशी उशिरा आलेल्या मुलीला वर्गाबाहेर उभे करू नये.

शाळांसाठीही एक विनंती आहे. गणवेशाच्या रंगाचाच स्वेटर हवा, असा हट्ट काही ठिकाणी धरला जातो. ज्या घरात तीन मुले शिकतात तिथे मोठ्याचा स्वेटर धाकट्याला येतो आणि तो कोणत्याही रंगाचा असतो. थंडीच्या दोन महिन्यांत कोणत्याही रंगाचा स्वेटर चालेल असे मुख्याध्यापकांनी सांगितले तर पुष्कळ मुली शाळेत येतील. अकराच्या पुढे ऊन तापते, दुपारी २८-३० अंश होतात, आणि सगळे गरम कपडे काढावे लागतात. ते ठेवायला वर्गात एक दोरी किंवा चार खिळे असले तरी पुरे. नाहीतर ते दप्तरात कोंबले जातात, पुस्तके मागे राहतात.

खर्चाचा क्रम सांगते, म्हणजे एकदम सगळे घ्यावे लागणार नाही. आधी हातमोजे. मग बूट-मोजे, नसतील तर. मग रेडियमची पट्टी आणि टिचबटणे, यांना फारसे पैसे लागत नाहीत. मग वारा अडवणारा वरचा कपडा, जुना असला तरी चालेल. नवा स्वेटर सर्वांत शेवटी, कारण स्वेटर बहुतेक घरांत असतोच. दम्याचा त्रास असलेल्या मुलीला आणि ताप असताना कोणालाच गारठ्यात सायकलवर पाठवू नये, हे वेगळे सांगायला नको. दम्यासाठी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

येत्या रविवारी दुपारी, ऊन असताना, अब्बूंनी किंवा मोठ्या भावाने एवढे करावे. मुलगी शाळेला जाते तसे सगळे कपडे तिला घालायला सांगा, दप्तरासकट. सायकल स्टँडवर उभी करा, तिला बसवा, पॅडल मारायला लावा आणि मागून, बाजूने नीट पाहा. कोणते टोक चाकाकडे जाते, कोणता काठ चेनला लागतो, ब्रेक पूर्ण दाबला जातो का, मान वळवून मागे पाहता येते का. जे अडते ते त्याच दुपारी अम्मीने शिवून किंवा खोचून द्यावे. म्हणजे सोमवारी पहाटे दारात उभे राहून “आज जाऊ नको” असे म्हणण्याची वेळ येणार नाही.